चौकातल्या पाटीवरचे दोन आकडे

सुदाम, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मी सगळ्यांत मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसलो होतो. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या. फोटो माझ्याच दुकानात फ्रेम केलेला. चाळीस वर्षं काच कापतोय, पण तुझ्या फोटोला तीन काचा लागल्या. दोन हातात तडकल्या.

मग पुतळा समितीचा अध्यक्ष उठला. पहिल्या रांगेत बसला होता, पांढऱ्या कपड्यांत, डोळे खाली घालून. माइक हातात घेऊन म्हणाला, "सर माझे गुरुजी. आठवीला मला इतिहास शिकवला. चौकातल्या पाटीवरची चूक सरांनीच आमच्या ध्यानात आणून दिली आणि समितीनं ती मोठ्या मनानं दुरुस्त केली. अशी माणसं आता न्हाईत."

लोकांनी माना हलवल्या. कांतावहिनी फोटोकडं बघत राहिल्या. तुझी प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती. तिनं मान हलवली नाही, नजरही हलवली नाही.

पुढं कुणीतरी पुकारलं, "आता सरांचे बालमित्र, फ्रेमवाले वैजनाथअप्पा दोन शब्द बोलतील." मी उठलो, दारातल्या चपला पायांत सरकवल्या आणि चालू लागलो. लोकांना वाटलं असेल, रडू आवरलं नाही म्हाताऱ्याला. रडू नव्हतं. तोंडात जे आलं होतं ते तिथं बोलायची छाती नव्हती. म्हणून तुला लिहितोय. मेलेल्या माणसाशी बोलायला छाती लागत नाही.

तुला आठवतं का, हा चौक आपल्याला पहिल्यांदा तुझ्या बापानं दाखवला. आपण पाचवीत. दिंद्रुडला माझ्या वडिलांचं किराणा दुकान, तुझे वडील दगडकामाला. शहरात महाराजांच्या पहिल्या पुतळ्याचा चौथरा बांधायला ते तीन महिने गेलते. काम संपल्यावर एका रविवारी आपल्या दोघांना एसटीनं घेऊन आले. चौकाच्या कडेलाच त्यांनी आपल्याला चपला काढायला लावल्या. डांबर तापलं होतं, आपण एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं, हात जोडले आणि मग बोटानं दाखवलं, "त्यो खालून तिसऱ्या थरातला, कोपऱ्यावरचा. त्यो धोंडा म्या बसवलाय." त्या वेळी पुतळा सिमेंटचा होता, वर सोनेरी रंग दिलेला. मी महाराज बघत होतो, तू तो धोंडा बघत होतास.

परतल्यावर आपण आमच्या घरी गेलो. माझ्या आईनं मला तांब्या दिला आणि तुझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. तू प्यालास, तोंड पुसलंस, घरी गेलास. त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाहीस. तू अशा बऱ्याच गोष्टी बोलून दाखवल्या नाहीस आणि मी समजत आलो की तुझा स्वभावच तसा. तसं समजणं माझ्या सोयीचं होतं.

मी दहावीवर थांबलो. तू बीएड करून आलास, शहरातल्या शाळेत इतिहासाचा मास्तर झालास. मी त्याच चौकात, पुतळ्याच्या बरोबर समोर, फोटो फ्रेमचं दुकान टाकलं. सकाळी सहाला तू फिरायला यायचास. पायरीशी चप्पल काढून हात जोडायचास, मग आपण कट्ट्यावर चहा घ्यायचो. दरवर्षी सातवीचा वर्ग तू पुतळ्यापाशी आणायचास. पोरांना वाटायचं, सर आता लढाई सांगतील. तू सांगायचास ते रयतेच्या पिकाचं, सैन्यानं गावातून कसं जायचं, गवताची गंजी पेटू नये म्हणून दिवा कसा सांभाळायचा. मी दुकानातून ऐकायचो. मला इतिहास थोडाबहुत येतो तो असा, काच पुसता पुसता ऐकलेला. राज्याभिषेकाचा शक तर तू लहानपणी कपिलधारच्या वाटेवर माझ्याकडून पाठ करून घेतला होतास. आम्हा लिंगायतांची जत्रा, तू आमच्यासोबत चालत आलतास. चुकलो की पाठीत बुक्की. दोन बुक्क्यांत आला.

तो शक पाठ नसता तर फार बरं झालं असतं.

सिमेंटच्या जागी ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आला, त्याला आता बारा वर्षं झाली. जुन्या चौथऱ्यावर ग्रॅनाइट चढलं. तुझ्या बापाचा धोंडा त्याच्याखाली झाकला गेला, तरी तू अनावरणाच्या दिवशी गर्दीत लहान पोरासारखा रडलास. क्रेनवरून फुलं पडत होती. तू मला म्हणालास, "वैजू, बा पाह्यजे होता बे."

आठवड्यानं समितीनं अनावरणाचे फोटो माझ्याकडं फ्रेमला पाठवले. त्यातला एक चौथऱ्यावरच्या पाटीचा होता, चांगला मोठा करून घेतलेला. मी काच बसवत होतो आणि माझी नजर राज्याभिषेकाच्या शकावर थांबली. शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. कोरणाऱ्याचा हात चुकला असेल. मी पुन्हा वाचलं, बोटांवर हिशेब केला. सत्तावीस वर्षांचा फरक. मिसरूड फुटायच्या वयातच महाराजांना सिंहासनावर बसवलं होतं आमच्या पाटीनं.

त्या दिवशी संध्याकाळी तू दुकानात आलास तेव्हा मी हसत हसत सांगितलं. "मास्तर, एक गंमत दाखवू का?" तू फोटो बघितलास आणि हसला नाहीस. रस्ता ओलांडून गेलास, पाटीवरून बोट फिरवत वाचलंस. परत आलास तेव्हा तुझा चेहरा उतरला होता.

"मी सात दिवस झाले हात जोडायलोय इथं," तू म्हणालास. "इतिहासाचा मास्तर म्हणवतो स्वतःला. आन् वाचलं कुणी, तर तू."

"काचेतली चीर शोधणारी नजर हाय माझी," मी म्हणालो.

"आपण दोघं अर्ज देऊ. समितीला एक, पालिकेला एक."

आणि मी म्हणालो, "तू मास्तर हायस. तुझ्या एकट्याच्या नावानं वजन पडल."

सुदाम, ते खोटं होतं. समितीच्या सगळ्या फ्रेमा माझ्याकडं यायच्या, म्हणून मी तसं म्हणालो. तुला ते तेव्हाच कळलं असणार. तू फक्त "बरं" म्हणालास.

अर्ज तू माझ्याच दुकानात बसून लिहिलास. आदराचा, नम्र, एक शब्द इकडचा तिकडं नाही. "आपले महाराज" असं त्यात दोनदा आलं होतं. वर्षभर त्या अर्जाकडं कुणी बघितलं नाही. मग जयंती तोंडावर आली आणि कुठल्यातरी टेबलावरून त्या अर्जाचा फोटो लोकांच्या मोबाइलवर गेला. वर मथळा होता: महाराजांच्या पुतळ्यात खोट काढणारा मास्तर. खाली तुझं नाव, आडनाव, शाळा, गल्ली. आणि अर्जातल्या "आपले" या शब्दाभोवती कुणीतरी लाल गोल काढला होता. पुढं प्रश्नचिन्ह.

तो लाल गोल बघितला आणि मला सगळं कळलं. आकडा कुणाला बघायचाच नव्हता. ज्याच्या बापानं त्या चौथऱ्याचा दगड बसवला त्यानं महाराजांना आपले का म्हणावं, हा तो प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर पन्नास-साठ जण आले. तुझ्या गाडीचे आरसे फोडले. घराच्या भिंतीवर शाई टाकली आणि तुझ्या जातीचं नाव लिहिलं, तेही चुकीचं, ऱ्हस्व-दीर्घ सोडून. मुख्याध्यापकांनी तुला घरी बसायला सांगितलं. प्रज्ञा बारावीला होती. शिकवणीला जाताना तिच्या मागं दोन मोटारसायकली आल्या, म्हणून तीही घरात बसली.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष माझ्या दुकानात आला. स्टुलावर बसला, पाणी मागितलं, सावकाश प्यायला.

"अप्पा, पोरं ऐकायनात," तो म्हणाला. "सर माझे गुरुजी हायत, मला बी वाईट वाटायलंय. तुमी समजून सांगा. पाच मिनिटाचं काम हाय. पुतळ्यापाशी यायचं, हार घालायचा, दोन ओळी वाचायच्या. इषय संपला."

मी रिकामा पेला उचलला.

"तुमचं बी दुकान चौकातच हाय," तो म्हणाला, आणि समोरच्या काचांकडं बघितलं. आवाज अजिबात चढवला नाही.

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. चूक मी पाहिली. फोटो तुम्हीच माझ्याकडं पाठवला होता. त्यात मी वाचली. सुदामनं नुसता अर्ज लिहिला. चार वाक्यं होती. पण माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो असा, "किती वाजता?"

मी तुझ्याकडं आलो तेव्हा वहिनी भिंत घासत होत्या. शाई जात नव्हती, नुसती पसरत होती. तू आत पलंगावर पेपर तपासत बसला होतास, शाळेनं घरी बसवलं तरी. मी निरोप सांगितला. तू पेन खाली ठेवलंस.

"वैजू, चूक हाय का न्हाई?"

"हाय."

"मग माफी कावून मागू?"

"चूक हाय म्हणून काय झालं, सुदाम? लेकरू घरात कोंडलंय. नोकरी जाईल. पाच मिनिटं हायत."

"महाराजांना चालली नसती बे ही चूक."

"महाराज कुठं हायत तिथं?" मी ओरडलो. "पुतळा हाय. पुतळ्याला चालती."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, हात काळे झालेले. तू माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, आता तू म्हणशील, दाखवली कुणी मला, सांग. वहिनी ऐकत होत्या, आतल्या खोलीत प्रज्ञा होती. मी वाट बघत उभा होतो आणि आतल्या आत तुझ्या पाया पडत होतो, नको बोलू म्हणून.

तू म्हणालास, "उद्या दहा वाजता येतो म्हणून सांग त्यांना." आणि पेन उचललंस.

त्या भांडणात मी जिंकलो, सुदाम. आयुष्यात तुझ्याशी घातलेला तेवढा एकच वाद मी जिंकलो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात होतो. शटर अर्धं खाली ओढलेलं. त्याच्या खालून मला फक्त पाय दिसत होते, शंभर बूट, चपला, आणि पायरीवर तुझे दोन अनवाणी पाय. गर्दीतून आवाज आला, "नाक घासायला लावा." अध्यक्ष माइकवर म्हणाला, "नको, नको. गुरुजी आहेत आपले." लोकांनी टाळ्या वाजवल्या त्याच्या मोठेपणाला. मग तुझा आवाज आला. कागद त्यांनी लिहून दिला होता. चुकीची माहिती पसरवून भावना दुखावल्याबद्दल माफी मागतो, इथपर्यंत तू नीट वाचलंस. पुढं होतं की पाटीवरचा शक बरोबर असून तो पुढीलप्रमाणे आहे. तिथं तू थांबलास. कुणीतरी "वाच, वाच" म्हणालं. तू तो चुकीचा आकडा वाचलास. स्पष्ट, एकेक अंक सुटा, वर्गात सांगतोस तसा.

सोमवारी शाळेत गेलास तर मागच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. "सर, परीक्षेत कोणता लिहायचा? पुस्तकातला का चौकातला?" हे तू मला फार पुढं, आजारपणात सांगितलंस. मी विचारलं, तू काय म्हणालास? तू म्हणालास, "म्या म्हणलं, बस खाली."

त्यानंतर तू चौकात आला नाहीस. एकदाही नाही. सातवीचा वर्ग आला नाही, सकाळचा चहा सुटला. शाळेला जायला तू नदीकाठचा रस्ता धरलास, पाऊण कोस लांबचा. पण माझ्या घरी येत राहिलास. आमचं घर मागच्या गल्लीत, चौक लागत नाही म्हणून. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती, डोळे गेलते. तू शाळा सुटली की यायचास, तिला पेपर वाचून दाखवायचास, बाजारभाव, मयताच्या बातम्या, सगळं. तुझा आवाज आला की ती मान वळवायची. शेवटच्या दिवसांत माझ्या बायकोच्या हातून ती पाणी घेईना, सुदामला बोलवा म्हणायची. तू तिचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजायचास. मी दारात उभा राहून बघायचो. उपकार कुणाकुणाचे असतात माणसावर. तुझे माझ्यावर असे आहेत की त्यांच्याकडं बघताना मला माझीच शिसारी येते.

मी कधी विचारलं नाही, तू माझं नाव का घेतलं नाहीस. तू कधी विचारलं नाहीस, मी का गप्प बसलो. दहा वर्षं आपण ऊस, कापूस, निवडणूक, पोरांची लग्नं, सगळं बोललो.

तुझी मूत्रपिंडं गेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मी रिक्षानं तुला न्यायचो. दर वेळी तू रिक्षावाल्याला सांगायचास, "नदीकाठानं घे." खड्ड्यांनी तुझा जीव जायचा, तरी नदीकाठानंच. गेल्या उन्हाळ्यात तो रस्ता खोदला होता आणि रिक्षा चौकातूनच घ्यावी लागली. चौकाचं सुशोभीकरण नुकतंच झालं होतं. कारंजी, दिवे, नवं ग्रॅनाइट, नवी पाटी. मी आठ दिवसांपूर्वीच वाचली होती. तुला सांगायचं धाडस झालं नव्हतं.

रिक्षा वळली तेव्हा मी म्हणालो, "सुदाम, पाटी दुरुस्त केली बघ त्यांनी."

"म्हाईत हाय. पेपरात फोटो आलता." तू पुतळ्याकडं बघत होतास. दहा वर्षांनी बघत होतास. "कुणी केली?"

"सुशोभीकरणात झाली. कुणी काही बोललं न्हाई."

तू हसायला लागलास. ठसका लागेपर्यंत हसलास. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. "मग माझी माफी परत द्या म्हणावं," तू म्हणालास.

मग रिक्षा बाजूला घ्यायला लावलीस आणि मला म्हणालास, "उतर. नीट वाचून ये. बरोबर हाय का बघ. तुझी नजर चांगली हाय."

मी उतरलो. माझ्या गप्प बसण्यावर तू बोललास ते तेवढंच, दहा वर्षांत. मी पाटीपुढं उभा राहिलो. माझ्या डोळ्यांना काही दिसेना. अंदाजानं उभा राहिलो, परत आलो आणि म्हणालो, "बरोबर हाय." तू डोळे मिटलेस. "चल मग," म्हणालास.

त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. दवाखान्यात चार तास तू पलंगावर होतास, मी शेजारी बसलो होतो. तुझं रक्त नळीतून बाहेर जात होतं, परत येत होतं. मी तुला संत्रं सोलून दिलं. बोललो नाही. त्यानंतर दहा महिने तू होतास. दर आठवड्याला दोनदा संधी होती.

तू गेलास त्या संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. तुझा फोटो, हात जोडलेला, कुठल्या तरी सत्कारातला कापून घेतलेला. खाली "शिवप्रेमी गुरुजींना भावपूर्ण श्रद्धांजली". अध्यक्षाचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा. जिथं तू अनवाणी उभा होतास त्याच्या दहा हातांवर. मी दुकानातून तीन दिवस तो बघितला. ज्याला जिवंतपणी "आपले" म्हणू दिलं नाही, त्याला मेल्यावर आपला करून टाकलं. मेलेला माणूस अर्ज देत नाही.

परवा मी बाहेर पडलो ते घरी गेलो नाही. तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर बसून राहिलो. लोक गेल्यावर, दिवस कलायच्या आत, परत तुझ्या घरी आलो. वहिनी पडल्या होत्या. प्रज्ञा खुर्च्या एकावर एक रचत होती. ती आता धरणाच्या कचेरीत इंजिनिअर आहे, हे लिहायलाही बरं वाटतं.

"प्रज्ञा, मला काही सांगायचंय," मी म्हणालो. "पाटीवरची ती चूक..."

"तुमी पाहिलती. म्हाईत हाय, काका."

मी तिथल्याच खुर्चीवर बसलो.

"तुमी त्या दिवशी घरी येऊन गेलात, तेव्हाच बाबांनी सांगितलं," ती म्हणाली. "आई लई चिडलती. म्हणली, त्यांचं नाव सांगा, त्यांना कुणी काही करायचं न्हाई. बाबा म्हणले, वैजू भ्यालाय. भ्यालेल्या माणसाला पुढं ढकलायचं न्हाई."

दहा-अकरा वर्षं मी तुमच्या घरी येत होतो. वहिनी चहा करत होत्या. प्रज्ञाच्या लग्नात मी पाहुण्यांना अत्तर लावत फिरलो. त्या दोघींना सगळं ठाऊक होतं आणि माझ्यापुढं बिस्किटाची बशी येत होती. मी म्हणालो, "मला शिव्या दे, पोरी."

तिनं खुर्च्या रचायचं थांबवलं. "मला सांगून काय होणार, काका? मला तर ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा. बाबा असताना सांगितलं असतं तर लई बरं झालं असतं." आवाज चढला नाही तिचा. तुझ्यावर गेली आहे. मग म्हणाली, "चहा ठेवू का?" मी नको म्हणालो. पहिल्यांदाच नको म्हणालो तुझ्या घरी.

काल सकाळी मी चौकात गेलो. दुकान उघडलं नाही. अध्यक्ष रोज साडेनऊला चहाच्या गाड्यावर असतो, सोबत समितीचे सात-आठ जण. त्या दिवशी पायरीवर "वाच, वाच" म्हणणारा आवाज ज्याचा होता, तो आज नगरसेवक आहे, तोही होता. मी जाऊन त्यांच्या मधोमध उभा राहिलो. शर्ट पाठीला चिकटला होता. बायकोला सांगून आलो होतो की काही झालं तर तू माहेरी, तेलगावला निघून जा.

"अप्पा, या. काल न बोलताच गेलात," अध्यक्ष म्हणाला.

"आता बोलतो," मी म्हणालो. "पाटीवरची चूक सुदामनं काढली न्हाई. म्या काढली. तुमचा फोटो फ्रेम करताना पाहिली आन् त्याला सांगितली. त्यानं माझं नाव घेतलं न्हाई. तुमी त्याला जे केलं ते मला करायला पाह्यजे होतं. आन् चूक होती. तवा बी होती. तुमी त्याच्याकडून खोटं वाचून घेतलं."

एवढं बोललो, सुदाम. मोठ्यानं बोललो. केळीवाला वळून बघायला लागला.

अध्यक्षानं कप खाली ठेवला. मी खांदे आवळून घेतले. तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अप्पा, तुमी दोस्तासाठी लई मनाला लावून घेतलंय. कोण बघतंय आता? जुनी गोष्ट. बसा. ए, अप्पांना चहा दे, साखर कमी."

नगरसेवक म्हणाला, "तुमची नजर बाकी भारी अप्पा. आमाला तवाच सांगायचं की. आमी लगेच बदलली असती." बाकीचे हसले. चांगलं हसले, आपल्या माणसाला हसतात तसं. एकानं खुर्ची सरकवली. एकानं विचारलं, शुगर किती आहे. कुणी मोबाइल काढला नाही. कुणी माझं आडनाव विचारलं नाही. माझ्या काचा जिथल्या तिथं होत्या.

मी तिथं बसलो नाही, दुकानाच्या पायरीवर येऊन बसलो. वहिनींनी त्या दिवशीच सांगितलं होतं, त्यांना कुणी काही करायचं न्हाई. भिंत घासणाऱ्या बाईला जे कळलं ते मला कळायला तुला मरावं लागलं. अर्जावर आपण दोघं असतो तर कदाचित तुलाही कुणी हात लावला नसता. मी अकरा वर्षं भ्यालो, तू माझं ते भय जपलंस, आणि ते भय खरं नव्हतंच. खरं होतं ते फक्त तुझं.

चार वाक्यं होती, सुदाम. मी बोललो आणि मला काहीच झालं नाही.